वेगवान रिकम्बंट ट्राइकची सवय होताना : सोलापुरातील एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

या प्रकरणातील स्वार एकसष्ट वर्षांचे आहेत. सोलापुरात टॉवेलच्या यंत्रमागांचा छोटा कारखाना त्यांनी तीस वर्षे चालवला आणि आता तो मुलाच्या हाती सोपवला आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून, आमच्या सायकल गटातील सगळे त्यांना ज्या नावाने हाक मारतात त्याच नावाने, म्हणजे ‘काका’ म्हणून, येथे त्यांचा उल्लेख केला आहे. मी त्याच गटातील एक सदस्य असून गटातील सायकलींची किरकोळ दुरुस्ती माझ्याकडे असते. या प्रकरणातील काही चुका माझ्या हातून झालेल्या आहेत, हे आधीच सांगणे योग्य ठरेल.

कंबरेच्या दुखण्यामुळे काकांची साधी सायकल पाच वर्षांपूर्वी सुटली. त्यानंतर त्यांनी रिकम्बंट ट्राइक, म्हणजे पाठ टेकून, पाय पुढे करून चालवायची तीनचाकी सायकल घेतली. पुढे दोन चाके आणि मागे एक, अशी तिची रचना होती. तिन्ही चाके वीस इंची, टायर रुंद, सीट बरीच उभी आणि हँडलपासून चाकांपर्यंत सांधे-दांड्यांतून जाणारे सुकाणू, त्यामुळे ती संथ आणि क्षमाशील होती. हँडल थोडे चुकीचे हलले तरी तिला फारसे कळत नसे. दोन्ही पुढचे ब्रेक एकाच लिव्हरने लागत. विजापूर रस्त्याने तेरामैलपर्यंत जाऊन परत येणे हा काकांचा रविवारचा ठरलेला क्रम होता आणि त्यात त्यांची सरासरी ताशी पंधरा-साडेपंधरा किलोमीटरच्या पुढे कधी गेली नाही.

मागच्या नोव्हेंबरात त्यांनी पुण्यातील एका स्वाराकडून दुसरी ट्राइक घेतली. ही जमिनीला अधिक लागून, सीट बरीच मागे कललेली, पुढची चाके वीस इंची पण टायर अरुंद, मागचे चाक सव्वीस इंची. हँडल थेट चाकांच्या खुंट्यांना, म्हणजे पुढचे चाक ज्यांच्याभोवती वळते त्या खिळ्यांना, जोडलेले, आणि डाव्या-उजव्या चाकाचा डिस्क ब्रेक स्वतंत्र लिव्हरवर. वजनाने ती जुनीपेक्षा चार किलो हलकी होती, परंतु तिच्या वेगाचे खरे कारण वजन नव्हे, तर वारा. मागे रेललेला माणूस हवेला कमी आडवा येतो आणि सपाटीवर ताशी वीसच्या पुढे गेल्यावर सायकलस्वाराची बहुतेक शक्ती हवा बाजूला सारण्यातच खर्च होते. ही गोष्ट जुनी आहे. १९३३ साली फ्रान्सिस फोर याने शार्ल मोशे यांच्या दुचाकी ‘वेलोकार’वर रेलून एका तासात ४५.०५५ किलोमीटर अंतर कापले आणि पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने अशा सायकलींना विक्रमांच्या यादीतून बाहेर काढले. तीन चाकांची ट्राइक त्या पंक्तीत बसत नाही, तिला घर्षण अधिक असते; तरी जुनीच्या तुलनेत ही नवी गाडी काकांना वेगळ्याच जातीची वाटणार होती, आणि नेमके तेच आम्ही कोणी नीट लक्षात घेतले नाही.

अडचण

पहिल्या दिवशी काकांनी गल्लीत दोन फेऱ्या मारल्या आणि दुसऱ्याच दिवशी आमच्याबरोबर विजापूर रस्त्याला आले. सोरेगावच्या पुढे एका उतारावर वेग अठ्ठावीसवर गेला आणि गाडी डाव्या-उजव्या बाजूला झोलू लागली. मी मागे होतो. झोल हातभर नव्हता, पण तो थांबत नव्हता, आणि शेजारून उसाने भरलेली ट्रॅक्टरची जोडट्रॉली जात असताना हातभर झोलाचीही गरज नसते. गाळप हंगामात या रस्त्यावर उसाची कांडकीही पडलेली असतात. अरुंद टायर अशा कांडक्यावर चढले की हँडलला झटका बसतो आणि झोल आणखी वाढतो.

घरी येईपर्यंत काकांचे दोन्ही तळहात लाल झाले होते, मान आखडली होती आणि उजव्या पायाची बोटे बधिर झाली होती. “गाडी साप खेळते,” असे त्यांनी एका वाक्यात निदान केले. पुढच्या दोन आठवड्यांत तीन तक्रारी ठळक झाल्या. पहिली म्हणजे वेगात झोल, दुसरी मान आणि पायांचा त्रास, आणि तिसरी, जी त्यांनी आम्हाला उशिरा सांगितली, ती म्हणजे ब्रेक लावला की गाडी एका बाजूला ओढते.

पहिला निर्णय, आणि तो का फसला

झोल म्हटल्यावर माझा संशय सरळ पुढच्या चाकांच्या जुळणीवर गेला. दोन पुढच्या चाकांच्या रिममधील अंतर पुढच्या बाजूला मागच्यापेक्षा किंचित कमी असावे लागते. फरक साधारण शून्य ते दोन मिलिमीटर असला की गाडी सरळ धावते. हे अंतर उलटे झाले, म्हणजे चाके पुढून फाकली, तर गाडी प्रत्येक हालचालीला वळणाचा इशारा समजते. मी गाडी रिकामी ठेवून, अक्षाच्या उंचीवर, दोन ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांनी मोजले. फरक तीन मिलिमीटर आला. तो अधिक वाटल्याने चाकांना जोडणारा दांडा फिरवून मी तो एकावर आणला.

झोल वाढला. दीडशे किलोमीटरमध्ये पुढच्या टायरच्या आतल्या कडेवर बारीक कुसळे उठली.

चूक मोजण्यात होती. माणूस बसला की पुढचा आडवा दांडा आणि खुंट्या भाराने किंचित लवतात आणि चाकांची जुळणी बदलते. काका बसलेले असताना, हँडल सरळ धरून आणि सपाट फरशीवर पुन्हा मोजले, तेव्हा रिकाम्या गाडीवरचे एक मिलिमीटर प्रत्यक्षात उलट्या बाजूचे दीड मिलिमीटर निघाले. मी जी गाडी दुरुस्त करत होतो ती आधी जवळजवळ बरोबरच होती. हे काम एकट्याने करता येत नाही, एक माणूस सीटवर आणि दुसरा पट्टी घेऊन खाली हवा, ही साधी गोष्ट मी घाईत विसरलो. काका त्या वेळी एवढेच म्हणाले, “नवा माग आणला की पहिले आठ दिवस माणूस चुकतो. आपण मागाचे स्क्रू पिळत बसतो.” जुळणी आम्ही मूळ मापावर परत नेली, आणि प्रश्न पुन्हा तिथेच येऊन उभा राहिला.

वळणावरचा प्रसंग

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात काका एकटे फेरीहून परतत होते. मुख्य रस्त्यावरून त्यांच्या वसाहतीकडे डावीकडे वळायचे वळण जुन्या गाडीवर ते सोळाच्या वेगाने सहज घेत. त्या दिवशी, वेगाचा अंदाज न आल्याने, ते चोवीसच्या आसपास वळले. वळणात बाहेर फेकणारा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो; सोळाचे चोवीस झाले म्हणजे तो दीडपट नव्हे, तर सव्वादोन पट होतो. डावे पुढचे चाक टीचभर उचलले गेले. घाबरून त्यांनी ब्रेक दाबला, पण सवयीने फक्त उजवा. उजवे चाक अडल्याने गाडी बाहेरच्या अंगाला ओढली गेली आणि समोरून येणाऱ्या रिक्षाच्या बाजूला गेली. रिक्षा थांबली, गाडीचे चाक खाली आले. कोणाला इजा झाली नाही.

यानंतर काकांनी आठ दिवस ट्राइक बाहेर काढली नाही. घरी काकूंचे म्हणणे स्पष्ट होते. “अहो, घ्यायची ती घेतलीत, पण जुनी गाडी विकायची नाही, एवढं माझं ऐका.” जुन्या गाडीला ग्राहक मिळालेला होता आणि व्यवहार त्याच आठवड्यात होणार होता. तो काकांनी रद्द केला.

समोर असलेले पर्याय

आम्ही तिघेजण काकांच्या कारखान्यात बसून पर्याय मांडले. नवी गाडी विकून जुनीवर परतणे हा सर्वांत सुरक्षित पर्याय होता, परंतु कंबरेला आराम नवीमध्ये निर्विवाद अधिक होता आणि तोच काकांना गमवायचा नव्हता. दुसरा पर्याय म्हणजे नवीलाच शक्य तितकी जुनीसारखी करणे, अर्थात सीट उभी, टायर रुंद, हँडलला अधिक घर्षण. यातील काही गोष्टी शक्य होत्या, पण मग वेगवान गाडी घेतली कशाला, हा प्रश्न उरत होता. तिसरा पर्याय, गाडी आहे तशी ठेवून सवय होईपर्यंत चालवत राहणे, गटातील एका सदस्याने आग्रहाने मांडला. मला तो अर्धवट मान्य होता, कारण सवय चुकीचीही लागते. वळणावरचा तो उजवा ब्रेक सवयीनेच लागला होता.

शेवटी ठरले ते असे की दोन्ही गाड्या ठेवायच्या, नवीवरील बदल एका वेळी एकच करायचा, प्रत्येक बदलानंतर निदान तीन फेऱ्या त्याच मार्गाने करायच्या आणि वेगाला स्वतःहून मर्यादा घालायची. हा निर्णय काकांनी घेतला. यंत्रमागावर एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या तर धागा कशाने तुटला हे कधीच कळत नाही, असे त्यांचे कारण होते.

काय केले

पहिली सुधारणा अपघातानेच सापडली. गड्ड्याच्या यात्रेत, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत, शहराच्या मध्यभागातून ट्राइक नेणे शक्य नसल्याने त्या दिवसांत आम्ही एका मोकळ्या प्लॉटिंगच्या डांबरी रस्त्यावर सराव केला. तिथे मी काकांना हँडल केवळ अंगठा आणि पहिल्या बोटाने धरायला सांगितले. झोल बराचसा गेला. म्हणजे सुकाणूला हात लागत होते ते गरजेपेक्षा अधिक, आणि थेट जोडलेल्या हँडलमुळे हातातला प्रत्येक ताण चाकांपर्यंत पोहोचत होता.

तरी झोल पुरता गेला नव्हता आणि त्याचे दुसरे कारण पायांत निघाले. मी घड्याळ लावून त्यांच्या पेडलच्या फेऱ्या मोजल्या. मिनिटाला पंचावन्न ते साठ. एवढ्या संथ लयीत जड गिअर रेटताना प्रत्येक ठोश्याला कंबर एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे ढकलली जाते, शरीर सावरण्यासाठी हात हँडलला धरतात, आणि गाडी पायांच्या तालावर झोलते. जुन्या गाडीवर हेच काका सत्तर-पंच्याहत्तर फेऱ्या मारत असत. मग इथे संथ का? कारण मागचे चाक वीसऐवजी सव्वीस इंची होते. पुढची-मागची दातेरी चक्रे तीच असली तरी चाक मोठे झाल्याने प्रत्येक गिअर साधारण तीस टक्क्यांनी जड झाला होता. काका जुन्या सवयीने ‘मधला’ गिअर लावत होते आणि तो आता मधला राहिलेला नव्हता. मागची सर्वांत मोठी चकती अठ्ठावीस दात्यांची होती, ती चौतीसची बसवली आणि लय ऐंशीच्या आसपास ठेवायची असे ठरवले. माझ्या मते या संपूर्ण प्रकरणातला सर्वांत परिणामकारक बदल हाच होता, आणि तो आम्हाला सुचायला दोन महिने लागले.

ब्रेकचा सराव वेगळा घेतला. काकांच्या हातात साध्या सायकलीची चाळीस वर्षांची सवय होती, ज्यात उजवा आणि डावा ब्रेक वेगळ्या चाकांवर असतात आणि माणूस एकाच हाताने वेग आवरतो. या ट्राइकवर एकच लिव्हर दाबणे म्हणजे एकच पुढचे चाक अडवणे. पंधराच्या वेगाने येऊन, रस्त्यावर ठेवलेल्या विटेपाशी दोन्ही लिव्हर समान दाबून थांबायचे, असे रोज वीसदा केले. फार जोरात दाबले तर मागचे चाक हलके होऊन उचलते, हेही त्यांनी कमी वेगात स्वतः अनुभवले. डिस्क आणि पॅड एकमेकांना घासून बसल्यावर ओढही कमी झाली. म्हणजे तिसरी तक्रार काही अंशी यंत्राची होती.

वळणाचे गणित त्यांना कागदावर समजावून दिले. ट्राइक जमिनीवर जो त्रिकोण करते त्याची रुंद बाजू पुढे असते आणि टोक मागच्या चाकाशी. मागे रेलून बसले की भार त्रिकोणाच्या अरुंद भागाकडे सरकतो आणि गाडी उलटायला सोपी होते. गाडी बुटकी असल्याने हा तोटा काहीसा भरून निघतो, पण सव्वादोन पट जोरापुढे तो पुरत नाही. म्हणून वळणाआधीच वेग उतरवायचा, वळणात ब्रेक लावायचा नाही, आणि खांदे पाठीच्या आधारापासून सोडवून पुढे व वळणाच्या आतल्या अंगाला झुकवायचे. काकांनी विटांचे वर्तुळ मांडून बारा, पंधरा आणि अठराच्या वेगाने दोन्ही बाजूंना वळणे घेतली. डावीकडे ते लवकर शिकले, उजवीकडे झुकताना मात्र त्यांची मान आडवी येत होती.

मानेसाठी सीट थोडी उभी केली. हा बदल मला पूर्ण पटलेला नव्हता, कारण त्याने वाऱ्याचा फायदा घटणार होता. परंतु मान आखडलेल्या माणसाला आरशात बघता येत नाही, आणि जमिनीपासून एवढ्या खाली बसून आरशाविना चालवणे मूर्खपणाचे आहे. पायांच्या बोटांचा बधिरपणा बुटाखालच्या क्लीटची, म्हणजे बूट पेडलला अडकवणाऱ्या खाचपट्टीची, जागा टाचेच्या दिशेने सरकवल्यावर बराच कमी झाला. याच सुमारास काकांनी क्लीट काढून साधी पेडल लावू का, असे विचारले होते. आम्ही ठाम नकार दिला. ट्राइक थांबली तरी पडत नाही, त्यामुळे पाय अडकून राहण्याची भीती येथे नाही. उलट खड्ड्यात पाय पेडलवरून निसटून जमिनीला लागला तर गाडी पुढे जाते आणि पाय मागे खेचला जातो, आणि ही दुखापत फार गंभीर असते.

टायरमधील हवा नव्वदवरून पासष्ट पीएसआयवर आणली, अर्थात टायरच्या कडेवर छापलेल्या मर्यादेतच. सोलापुरातील ठिगळ लावलेल्या रस्त्यांवर कडक अरुंद टायर उड्या मारतात. शिवाय ट्राइकची तीन चाके तीन वेगळ्या रेषांवरून जातात. खड्डा पुढच्या दोन चाकांच्या मधून गेला म्हणून हायसे वाटते आणि तोच मागच्या चाकाला सापडतो. गतिरोधक मात्र हवा कमी केल्याने अधिक सांभाळून, सरळ आणि चालण्याच्या वेगाने घ्यावे लागले. एकदा चेनची नळी घासलीच. मागे सहा फूट उंचीचा नारंगी झेंडा आणि दिवसाही लुकलुकणारा दिवा लावला.

परिणाम

मार्चअखेर काका पुन्हा तेरामैलला गेले. झोल नव्हता. सरासरी साडेएकोणीस आली, म्हणजे जुन्या गाडीपेक्षा ताशी चार किलोमीटर अधिक. चढावर मात्र वेग तोच राहिला, कारण तिथे वाऱ्याचा नव्हे, वजनाचा हिशेब चालतो. घरापासून शहरातल्या सात रस्ता चौकापर्यंत तर दोन्ही गाड्यांना सारखाच वेळ लागतो. सिग्नल आणि रहदारी वेग ठरवतात. हे काकांनी चार वेळा घड्याळ लावून पाहिले आणि त्यांना त्याचा थोडा विरस झाला.

एप्रिलमध्ये एक अनपेक्षित अडचण आली. रेललेल्या माणसाच्या चेहऱ्यावर ऊन थेट पडते, आणि सोलापुरात पारा चाळीशीपार जातो तेव्हा सकाळी साडेआठनंतर ही गाडी चालवणे कठीण होते. फेरी साडेपाचला सुरू करून आठच्या आत संपवायची, असा त्यावर तोडगा निघाला. त्याहून चांगला काही आम्हाला सापडला नाही.

वेगळे काय करता आले असते

दुसऱ्याच दिवशी काकांना महामार्गावर नेले, ही गटाची चूक होती आणि तिला माझी संमती होती. निदान दोन आठवडे मोकळ्या रस्त्यावर ब्रेक आणि वळणांचा सराव आधी झाला असता, तर रिक्षासमोरचा प्रसंग बहुधा टळला असता. जुळणी बदलण्याआधी मी ती स्वाराला बसवून मोजायला हवी होती. त्याहीआधी पेडलच्या फेऱ्या मोजायला हव्या होत्या, कारण त्याला पाना लागत नाही आणि काही बिघडतही नाही. गाडी विकत घेतानाच मागच्या चाकाचा व्यास आणि गिअरचा हिशेब केला असता, तर चौतीस दात्यांची चकती नोव्हेंबरातच बसली असती.

सीट उभी करण्याच्या निर्णयाबाबत मी अजून साशंक आहे. मान सुधारली ती सीटमुळे की हँडलवरची पकड सैल झाल्यामुळे, हे आम्ही तपासलेच नाही, कारण मानेच्या बाबतीत एका वेळी एकच बदल करण्याचा नियम आम्ही स्वतःच मोडला. पावसाळा संपल्यावर सीट दोन खाचा मागे नेऊन पाहायचे ठरले आहे.

जुनी ट्राइक विकली गेलेली नाही. काका तिच्यावरून मंडईला जातात, आणि वसाहतीकडे वळणारे ते डावे वळण नव्या गाडीवरही चौदाच्या वर घेत नाहीत.